केमो चालू असताना प्रतिकारशक्ती काय करत असते?

प्रश्न: माझ्या ताईला स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो सुरू आहे. प्रत्येक डोसनंतर पांढऱ्या पेशी धडाधड उतरतात. प्रतिकारशक्तीच मारून टाकायची असेल, तर उरलेल्या कॅन्सरशी लढणार कोण? एका ओळखीच्यांनी प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर सुचवली आहे. देऊ का?

उत्तर: ताईंना बहुधा लाल रंगाचं औषध देत असतील, डॉक्सोरुबिसिन. ते कॅन्सरची पेशी मारतं हे खरं, पण पेशी मरते कशी, यालाही महत्त्व आहे. या औषधाने मरू लागलेली पेशी मुकाट्याने जात नाही. एरवी तिच्या आत असणारं कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन पृष्ठभागावर येतं, पेशीचं इंधन असलेलं एटीपी बाहेर पडतं. त्या खुणेवर प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी डेंड्रिटिक पेशी येतात, तिला गिळतात आणि तिचे तुकडे कॅन्सरच्या पेशी ओळखून मारणाऱ्या टी-पेशींना दाखवतात. सगळी केमो असं करत नाही. सिस्प्लॅटिन तितकंच जालीम, पण कॅलरेटिक्युलिन वर आणण्यात कमी पडतं. प्रतिकारशक्ती दुबळी केलेल्या उंदरांवर १९७९ साली प्रयोग झाला, तेव्हा गाठ आटोक्यात आणायला रेडिएशनची मात्रा दुपटीहून जास्त लागली. म्हणजे ही फौज आमच्या उपचारातही राबत असते, आम्ही तिचं नाव फारसं घेत नाही इतकंच.

मग रिपोर्टमध्ये घसरतात त्या कोण? मुख्यतः न्यूट्रोफिल्स. त्या जंतूंशी लढतात, फार काळ जगत नाहीत आणि अस्थिमज्जेत सतत नव्याने तयार व्हाव्या लागतात. भराभर विभागणाऱ्या पेशींवर केमोचा घाव बसतोच. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात त्या तळाला जातात आणि बहुतेकदा पुढच्या डोसपर्यंत सावरतात. टी-पेशीही कमी होतात, पण उरलेल्या कामावर असतात.

पावडर देऊ नका. तिने न्यूट्रोफिल्स वाढत नाहीत. गरज पडली तर त्यासाठी जी-सीएसएफचं इंजेक्शन आहे. शिवाय काही वनस्पतींचे अर्क यकृतात केमोच्या औषधांचं विघटन बदलतात, आणि डब्यात नेमकं काय आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

घरात थर्मामीटर मात्र हवाच. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा आणि दारातच सांगा, केमो चालू आहे.