मुलगा राज्य पातळीवर टेनिस खेळतो आणि नीटही द्यायची म्हणतो. दोन्ही जमेल का?

जमेल. निदान ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ हे त्याला ऐकवू नका. आमच्या मोठ्या काकांनी मला अकरावीत ते इतकं ऐकवलं की शेवटी माझी रॅकेट माळ्यावर गेली. आज मी कान-नाक-घशाची सर्जन आहे आणि काका त्याचं श्रेय माळ्याला देतात.

याच काकांचा कान वर्षानुवर्षं वाहायचा. हे आपले त्यात कोमट तेल घालत बसले (तेलावर कधीतरी चिडून वेगळं लिहीन). सीटी स्कॅन काढला तर कोलेस्टिअटोमाने (कानाच्या आत वाढणाऱ्या त्वचेच्या गाठीने) हाड कुरतडलेलं. मास्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं, ऑपरेशन आमच्या सरांनी केलं, मी मदतीला होते. टाके काढताना काका म्हणाले, ‘बघ, खेळ सोडलास म्हणून हे दिवस दिसले.’ मग मीही त्यांना कार्ल-ओलोफ नीलेन ऐकवला.

नीलेन स्वीडनचा. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये टेनिस खेळलेला. पुढे कानाचा डॉक्टर झाला आणि 1921 मध्ये ब्रिनेल-लाइट्झचा मायक्रोस्कोप हवा तसा बदलून त्याने आधी जनावरांच्या कानावर वापरला, मग नोव्हेंबरात माणसांच्या. पेशंट कुठले? जुनाट वाहत्या कानाचे, हाड झिजून आतल्या कानापर्यंत भोक पडलेले. काकांचा कान त्याच वाटेवर होता! तोवर ऑपरेशनला मायक्रोस्कोप कुणी लावलाच नव्हता. नीलेनचा एका डोळ्याने बघायचा, त्यात खोली कळत नाही. त्याचा सहकारी गुन्नार होल्मग्रेन याने 1922 मध्ये दोन्ही डोळ्यांचा आणला. मेंदूच्या सर्जननी तो हाती घ्यायला 1957 उजाडलं.

काका म्हणाले, ‘स्वीडनात मुलं किती, सीटा किती!’

सीटांचं खरं आहे. शिवाय नीलेनला पदक मिळालं नव्हतं, आणि तेव्हाचं टेनिस हौशी. रँकिंगसाठी गावोगाव पळावं लागत नसे. टेनिसने सर्जनचा हात बसतो असाही माझा दावा नाही. बारावीत स्पर्धा कमी कराव्याच लागतील, त्याबद्दल कोचशी आत्ताच बोला. सकाळचा सराव मात्र तोडू नका. काय सोडायचं ते त्यालाच ठरवू द्या, मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.