शर्टाचं बटण आणि नॉर्मल आलेला एमआरआय

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा, मराठी शाळेत चौथीत आहे. लहानपणीच ऑटिझमचं निदान झालं. कदंबाच्या डिचोली-म्हापसा गाड्यांच्या वेळा त्याला तोंडपाठ आहेत, पण स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येत नाहीत. चवड्यांवर चालतो, चेंडू झेलत नाही, अक्षर ओळ सोडून कुठेही जातं. बाई म्हणतात, मुद्दाम करतो. सासूबाई म्हणतात, तूच लाडावून ठेवलायस. मी रोज समोर बसून बटण लावून दाखवते. तो बघतो आणि शर्ट टाकून उठतो. एमआरआय केला, तो नॉर्मल आला. मेंदूत काही नाही, तर हात का चालत नाहीत?
– एक आई, डिचोली

उत्तर : ताई, पहिलं वाक्य बाईंना आणि सासूबाईंना वाचून दाखवा. तो मुद्दाम करत नाही, आणि तुमच्या लाडाचा यात काडीचाही संबंध नाही. ऑटिझम असलेल्या बहुतेक मुलांना हालचालींच्या अडचणी कमी-जास्त प्रमाणात असतातच. 1943 साली लिओ कॅनर यांनी ज्या 11 मुलांवरून ऑटिझमचं पहिलं वर्णन लिहिलं, त्यातल्या काहींची चाल बेंगरूळ असल्याची नोंद त्यांनी तेव्हाच केली होती. तरी निदानाच्या निकषांत आजही भर आहे तो संवाद, सामाजिक वागणं आणि तेच-तेच करण्यावर. म्हणून हाता-पायांकडे बघायचं राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता एमआरआय. तो गाठ, जखम, रक्तस्राव, मोठी रचनात्मक विकृती असं दाखवतो. ऑटिझममधले रचनेचे फरक बारीक असतात. अनेक मुलांच्या मोजमापांची सरासरी काढली की ते दिसतात, एकट्या मुलाच्या फिल्मवर ओळखता येत नाहीत. तेव्हा रिपोर्ट खरा आहे आणि मुलाची अडचणही खरी आहे. पुन्हा स्कॅन करायला पैसे घालू नका.

फरक कुठे सापडतात? संशोधकांचं लक्ष फार वर्षांपासून डोक्याच्या मागच्या भागातल्या लहान मेंदूवर आहे. वजनाने तो जेमतेम दहावा हिस्सा, पण मेंदूतल्या दर पाच चेतापेशींपैकी सुमारे चार तिथेच असतात. हालचाल सुरू असताना चूक पकडणं, जोर आणि वेळ जुळवणं हे त्याचं काम. 1985 मध्ये बाउमन आणि केम्पर या संशोधकांनी ऑटिझम असलेल्या एका माणसाच्या, मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूत तिथल्या पर्किंजे नावाच्या चेतापेशी कमी असल्याचं दाखवलं. पुढे इतरांनाही ते आढळलं, मात्र प्रत्येक मेंदूत नाही. शिवाय हालचालीचं नियंत्रण करणाऱ्या बाकीच्या भागांत आणि त्यांना जोडणाऱ्या तंतूंतही फरक दिसले आहेत. एका जागेवर बोट ठेवून ‘दोष इथे’ असं सांगता येत नाही.

तुमच्या घरासाठी मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो बाल्टिमोरमधला 2009 चा एक प्रयोग. यंत्राला जोडलेला दांडा हलवून मुलांना नवी हालचाल शिकायची होती. ऑटिझम असलेली मुलं ती शिकली, पण शिकताना डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींपेक्षा स्वतःच्या स्नायू-सांध्यांतून येणाऱ्या जाणिवेवर त्यांची भिस्त इतर मुलांपेक्षा जास्त होती. म्हणजे ‘बघ, मी कशी करते’ हा आपला नेहमीचा मार्ग या मुलांना अवघड पडू शकतो.

म्हणून समोर बसू नका, त्याच्या मागे बसा. शर्ट त्याच्या अंगावरच असू दे. तुमचे हात त्याच्या हातांवर ठेवा आणि बटण काजातून पाऊण बाहेर येईपर्यंत दोघांनी मिळून ढकला. मग हात सैल सोडा. शेवटचा ओढा त्याचा एकट्याचा. तो जमला की तुम्ही अर्ध्यावर थांबायचं, मग त्याहून आधी. शेवटाकडून सुरुवातीकडे, म्हणजे दर वेळी काम पुरं होतं ते त्याच्याच हातून. छातीखालचं, सहज दिसणारं बटण आधी घ्या, गळ्याचं सगळ्यांत शेवटी. बटणं मोठी लावून घ्या, काज थोडं सैल करून घ्या. तोंडाने सूचना कमी, एका वेळी ‘ढकल’ किंवा ‘ओढ’ एवढंच. फोंड्यात माझ्याकडे येणारी मुलं याच पद्धतीने शिकतात, आणि काहींना महिनोन्‌महिने लागतात. हातांत जोर यावा म्हणून कणीक मळू द्या, नारळ सोलताना शेंड्या ओढू द्या. चतुर्थीला नेवऱ्यांच्या कडा दाबायचं काम त्याच्याकडे द्याच. वाकड्या झाल्या तरी त्याच नैवेद्याला ठेवा, हे खास सासूबाईंसाठी.

चवड्यांवर चालण्याकडे मात्र लवकर बघा. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर वळवताना पोटरी ताठ लागते का, हे फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. सवय जुनी झाली की स्नायू आखडतो. आधी येणारी हालचाल जाऊ लागली, पडणं वाढलं, एकच बाजू कमजोर वाटली किंवा झटके आले, तर थांबू नका, बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) दाखवा.

शाळेत फळ्यावरून उतरवून घेणं कमी करून घ्या, तोंडी उत्तरं मान्य करायला सांगा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. प्रमाणपत्र अजून काढलं नसेल तर आताच काढा. पुढे परीक्षेत लेखनिक किंवा जादा वेळ मागताना तेच दाखवावं लागेल.