नव्या मुलखात जाताय? आधी विचारायला शिका

नकाशा, ॲप, वाचन, तुमची तयारी छान झालीय. आता तिथल्या माणसांकडून शिकायचं, आणि नवखे नेमके इथेच चुकतात.

सर्वांत मोठी चूक प्रश्नातच असते. ‘ही वाट पुलाकडेच जाते ना?’ असं विचारलंत की समोरचा भिडेखातर ‘हो’ म्हणतो. ‘पुलाकडे जायचं तर तुम्ही कुठून जाल?’ असं विचारा. मग तो थांबतो, हात करून दाखवतो आणि न विचारलेलंही सांगतो: पाऊस झाला असेल तर खालून नको, अंधार पडल्यावर परतीची गाडी मिळत नाही.

- रोज ते काम करणाऱ्याला गाठा. नदीचं होडीवाल्याला विचारा.
- अंतर वेळेत विचारा. ‘पाठीवर ओझं असेल तर?’ हेही जोडा.
- कुणी आपला दिवस मोडून सोबत येणार असेल, तर मोबदला आधीच ठरवा. फुकट राबवून घेऊ नका.

म्हाताऱ्यांचं बोलणं ‘जुन्या गोष्टी’ म्हणून सोडू नका, हे कळकळीने सांगतो. इंडोनेशियातल्या सिमुलुए बेटावर १९०७च्या त्सुनामीची आठवण गाण्या-गोष्टींतून टिकली होती: मोठा भूकंप झाला, समुद्र मागे हटला, की डोंगराकडे पळा. २००४ मध्ये लोक तसेच पळाले. सुमारे ७८,००० वस्तीत ७ जण दगावले.

रीतिभातींचे बारकावे हळूहळू कळतील. तूर्त फोटो काढण्याआधी विचारा, एवढं पुरे.