आजीच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवायच्या आहेत. कोणतं अ‍ॅप वापरू, काय प्रश्न विचारू आणि नंतर ते कुठे देता येईल?

अ‍ॅपचं आधी उरकते. मोबाईलमधला साधा रेकॉर्डर पुरतो. पंखा, टीव्ही बंद करा, फोन एरोप्लेन मोडवर टाका, सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि आजीचं पूर्ण नाव बोला, माहेरच्या नावासकट. आणि घरातल्या पुरुषांना भाजी आणायला पाठवा. सगळ्यांत महत्त्वाचं हेच.

माझ्या आईची लालबागला चाळीत खानावळ होती. बायकापोरं गावी ठेवून आलेले गिरणी कामगार महिन्याच्या बोलीवर जेवायचे. मी तिला बोलतं करायला बसले तेव्हा मोठा भाऊ शेजारी. मी गिरणी संपाचं आईला विचारायचं आणि उत्तर त्याने द्यायचं. १८ जानेवारी १९८२, अडीच लाख कामगार, संपाचे पुढारी दत्ता सामंत, बाबांची गिरणीच्या गेटवरची भाषणं. आई नुसती मान डोलावतेय. "तिला काय विचारतेस, ती घरातच होती," हे त्याचं वाक्य रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येतं. मी ते मुद्दाम ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर संपाचा विषयच काढला नाही. रोज तांदूळ किती लागायचा, पहिल्या पाळीवाले जेवायला कधी यायचे, असलं विचारत गेले. मग आई सुटली. वाण्याची उधारी, संप लांबल्यावर गावी निघून गेलेले खानावळीचे मेंबर, त्यांच्याकडे राहिलेले पैसे, गहाण पडलेली मोठी पातेली. आणि मध्येच, मेथी निवडता निवडता म्हणाली, संप मोडून कामावर कोण चाललंय ते युनियनच्या आधी आम्हाला कळायचं. कारण तो माणूस पहाटेचा डबा सांगायचा.

"मग बाबांना सांगितलंस?"

"कशाला? त्याचा पगार झाला तर माझी उधारी फिटणार होती."

पहाटेचा डबा सांगणाऱ्या त्या माणसांतले एक पुढे भावाचे सासरे झाले. त्यामुळे भावाच्या मते हा इतिहास नाही, चुगल्या आहेत. भाषणं करणारे रात्री कोणाच्या उधारीवर जेवत होते, हे त्याला इतिहासात नकोच आहे. संप सुरू होण्याच्या कितीतरी आधी, १९७५ मध्ये, प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. बँकेला या बायकांचा धंदा दिसला. आमच्या घरात अजून "ती घरातच होती" चालू आहे.

प्रश्नांची यादी मी देणार नाही. यादी घेऊन बसलात की आजी शाळेतल्यासारखी उत्तरं देईल. रोजच्या कामाचं विचारा, बाकीचं त्यातूनच येतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडीच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, भाऊ, दुष्काळ, जात, सगळं त्यांत आलंय आणि आज त्यांतल्या कितीतरी 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवर ऐकता येतात. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधत गेल्या नसत्या, तर 'आम्हीही इतिहास घडवला' झालंच नसतं.

कुठे द्यायचं, तर मुंबईत 'स्पॅरो' हे फक्त बायकांच्या इतिहासाचं संग्रहालय १९८८ पासून आहे. तिथे आधी विचारा, परस्पर फाइली पाठवू नका. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. आजीच्या हिशेबाच्या वह्या, जुनी रेशनकार्डं असतील तर दिवाळीच्या साफसफाईआधी ताब्यात घ्या. फोटोंच्या मागे पेन्सिलने नावं लिहा, तीही आजी सांगू शकतेय तोवर.

हो, आणि एक राहिलं. कोणता भाग कोणाला ऐकवायचा हे आजीला विचारल्याशिवाय फॅमिली ग्रुपवर काही टाकू नका. व्याह्यांचं नाव घराबाहेर जाता कामा नये, असं आईने मला बजावलंय. म्हणून इथे नाव लिहिलेलं नाही. नातं लिहू नको असं ती म्हणाली नव्हती.