कथ्थकच्या रेकॉर्डिंगसाठी ६८ हजारांचा नवा बॉक्स घ्यावा का?

नेरूळच्या एका ताईंचं पत्र आहे. त्या घरीच कथ्थकचे वर्ग घेतात. २०२० मध्ये त्यांनी दोन हार्ड डिस्कचा नॅस घेतला, म्हणजे घरच्या वायफायच्या राउटरला जोडून ठेवायचा स्टोरेजचा बॉक्स. डिस्कसकट ४१,००० रुपये पडले. विद्यार्थिनींच्या तालमी, वार्षिक कार्यक्रम आणि घरचे फोटो मिळून त्यावर २.६ टीबी भरलंय. मध्यंतरी त्यांनी बॉक्सचं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं आणि टीव्हीवर व्हिडिओ लावून देणारं अ‍ॅपच गेलं. जुन्या हँडीकॅमच्या फाइल्स चालेनात, आयफोनच्या फोटोंच्या जागी करडे चौकोन दिसायला लागले. आधीचं व्हर्जन परत टाकायची सोय नाही. वाशीच्या डीलरने नव्या बॉक्सचं डिस्कसकट ६८,००० चं कोटेशन दिलंय. यजमान म्हणतात नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊन टाकू, मुलगी म्हणते सगळं क्लाउडवर चढव. नोव्हेंबरमध्ये मुदत संपणारी एक लाखाची एफडी मोडावी का, असं ताई विचारतात.

ताई, एफडी मोडू नका. नवा बॉक्सही आत्ता घेऊ नका. तुमचं पत्र वाचून मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची, पण आधी राग येण्यासारखं जे घडलंय त्याबद्दल बोलते.

तुम्ही पैसे मोजून वस्तू घेतलीत, आणि तिची एक सोय कंपनीने नंतर काढून घेतली. राग यायलाच हवा. कंपनीचं नाव मी गाळलंय, कारण हे एकाच कंपनीपुरतं नाही. सिनॉलॉजी या नॅस बनवणाऱ्या कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये डीएसएम ७.२.२ हे बॉक्सचं सॉफ्टवेअर आणलं तेव्हा व्हिडिओ स्टेशन हे अ‍ॅप बंद केलं, आणि व्हिडिओचं रूपांतर, म्हणजे टीव्ही-फोनला चालेल अशा प्रकारात बदलणं, बॉक्सवर करण्याची सोयही काढली. हल्लीचे फोन आणि टीव्ही हे काम स्वतःच करतात, असं कारण दिलं. वेस्टर्न डिजिटलने एप्रिल २०२२ मध्ये जुन्या माय क्लाउड सॉफ्टवेअरचा सपोर्ट थांबवला. ज्यांचा बॉक्स नव्या सॉफ्टवेअरवर जाऊ शकत नव्हता त्यांना बाहेरगावाहून फाइल्स बघणंही बंद झालं. प्लेक्स हे बऱ्याच जणांच्या आवडीचं अ‍ॅप, त्यांनी एप्रिल २०२५ मध्ये घराबाहेरून व्हिडिओ बघण्याची सोय पैसे भरणाऱ्यांपुरती ठेवली. म्हणून नवा बॉक्स घेतलात तरी त्यावरची आजची सोय पाच वर्षांनी असेलच, असं धरून ६८ हजार घालू नका.

आता नेमकं काय गेलंय ते बघा. तुमच्या फाइल्स जागच्या जागी आहेत. गेलंय ते फक्त त्या दाखवण्याचं काम, आणि ते दुसऱ्याकडून फुकट करून घेता येतं. तुमचा टीव्ही अँड्रॉइडचा आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यावर व्हीएलसी हे व्हिडिओ लावायचं मोफत अ‍ॅप टाका, त्यात लोकल नेटवर्कमध्ये तुमचा बॉक्स दिसेल, युजरनेम-पासवर्ड द्या आणि हँडीकॅमची फाइल लावून बघा. रूपांतराचं काम टीव्हीच करेल. अडखळत चाललं तर टीव्ही वायफायऐवजी लॅनच्या वायरने जोडा. तरीही जमलं नाही, तर चार-पाच हजारांची स्ट्रीमिंग स्टिक हा पुढचा खर्च. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावर जेलीफिन हे टीव्हीला व्हिडिओ पुरवणारं सॉफ्टवेअर टाकून घ्या, तेही मोफत आहे आणि त्याने गेलेल्या अ‍ॅपची बरीचशी उणीव भरून निघते. फोटोंचं म्हणाल, तर आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा, म्हणजे इथून पुढचे फोटो सगळीकडे दिसतील. जागा थोडी जास्त लागेल. जुने फोटो फोनवरून उघडून बघता येतील.

मला काळजी वाटली ती तुमच्या एका वाक्याची. ‘दोन डिस्क आहेत, एक गेली तरी दुसरीवर सगळं आहे, म्हणून बॅकअप वेगळा घेतला नाही.’ ताई, तो बॅकअप नाही. दोन्ही डिस्क एकाच बॉक्समध्ये, एकाच प्लगवर. एक डिस्क बिघडली तर दुसरी सांभाळून घेईल हे खरं. पण चुकून फोल्डर डिलीट झालं की ते दोन्हीवरून त्याच क्षणी जातं. व्हायरसने फाइल्स कुलूपबंद केल्या, विजेचा झटका बसला, पाणी शिरलं, तरी तेच. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या जुन्या बॉक्समधला डेटा इंटरनेटवरून घुसून पुसला गेला. त्या बॉक्सना २०१५ नंतर अपडेट मिळालंच नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या व्हायरसने क्यूनॅप या कंपनीच्या बॉक्सवरच्या फाइल्स अडकवून खंडणी मागितली. सोयी जातात म्हणून अपडेट घ्यायचंच नाही, असं तुम्ही यापुढे ठरवलंय. ते मला म्हणूनच पटत नाही. सुरक्षेचे छोटे अपडेट घेत राहा. मोठं व्हर्जन आलं की काय काढलंय ते आधी वाचा, महिना-दीड महिना थांबा. आणि घराबाहेरून बॉक्स बघायची गरज नसेल तर ती सोय बंद करून टाका.

तेव्हा पहिले पैसे जायला हवेत दुसऱ्या प्रतीला. चार टीबीची साधी एक्स्टर्नल हार्ड डिस्क दहा-बारा हजारांच्या आसपास येते. तिच्यावर सगळं उतरवा आणि ती डिस्क घरात ठेवू नका. तुमची बहीण ठाण्याला पाचपाखाडीत राहते ना? तिच्या कपाटात ठेवा, दर दोन-तीन महिन्यांनी आणून ताजी करा. हा खर्च वर्गाच्या या महिन्याच्या फीमधून सहज निघेल. बॉक्समधल्या डिस्क २०२० पासून चोवीस तास फिरताहेत. त्यांची तब्येत बॉक्सच्या सेटिंगमध्ये दिसते, ती आजच बघा. त्यातली एक बदलायची वेळ आली, तर पैसे डिस्कवर घाला.

क्लाउडबद्दल मुलीचं निम्मं बरोबर आहे. गुगलच्या दोन टीबीला वर्षाला साधारण साडेसहा हजार पडतात, सहा वर्षांचे ३९,००० झाले. तुमचा डेटा त्यात मावतच नाही. पण २.६ टीबी सगळंच मोलाचं आहे का? दर आठवड्याच्या तालमीचं रेकॉर्डिंग पुन्हा कुणी बघत नसेल तर ते गाळा. वार्षिक कार्यक्रम, तुमच्या गुरूंचे व्हिडिओ आणि घरचे फोटो एवढंच वेगळं काढा. ते शंभर-दोनशे जीबीत बसलं तर महिना दीडशे-दोनशे रुपयांत तिसरी प्रत होते. ही मात्र जरूर करा.

आता ६८ हजारांचा हिशेब. सहा वर्षं वापरला तर वर्षाला ११,३०० रुपये. असा बॉक्स सरासरी २० वॅट खात असेल तर वर्षाला १७५ युनिट होतात, दहा रुपये दराने १,७५० रुपये. म्हणजे वर्षाला तेरा हजार, तेही डिस्क बिघडली नाही तर. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज डिस्काउंट म्हणून वळतं करतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच कार्डावर पडतो. १५ टक्के दर आणि बारा हप्ते धरले तर तो नऊशेच्या घरात जातो, वर प्रोसेसिंग फी. रोखीने घेताना डीलर जे कमी करेल तेही हातचं जातं. आणि मोठी गोष्ट अशी की तुमचा गृहकर्जाचा हप्ता आधीच घरच्या उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांवर आहे. त्यात आणखी एक हप्ता नको. ती एफडी हाच तुमचा अडीअडचणीचा पैसा आहे, नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा ठेवा.

त्याऐवजी दरमहा ९०० रुपयांची आरडी सुरू करा. बॉक्स कधीतरी बदलावा लागणारच, तेव्हा पैसे तयार असतील. तेव्हाही डीलरकडून दोन गोष्टी लेखी घ्या: तुमच्या जुन्या डिस्क त्यात चालतील का, आणि सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत मिळतील. सिनॉलॉजीने एप्रिल २०२५ मध्ये नव्या प्लस मॉडेल्सना स्वतःच्या किंवा मान्यता दिलेल्याच डिस्क लागतील असं जाहीर केलं होतं. ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ आणताना ते सैल केलं. मधल्या सहा महिन्यांत ज्यांनी बॉक्स घेतला त्यांना डिस्कचा खर्च निष्कारण वाढवावा लागला असेल. वर्गाचं उत्पन्न तुम्ही पूर्ण हिशेब ठेवून दाखवत असाल तर संगणकाच्या गटात ४० टक्के घसारा मिळू शकतो. उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा नफा धरून कर भरण्याच्या पद्धतीत तो वेगळा मिळत नाही. तुमच्या सीएंना विचारा.

तक्रार करायची असेल तर जरूर करा. आधी कंपनीला ईमेल, मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. वस्तू धंद्यासाठी वापरता म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात ग्राहक मानलंय. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात शुल्क नाही. खरेदीच्या वेळी बॉक्सवर किंवा जाहिरातीत त्या अ‍ॅपचा उल्लेख होता का, ते शोधा. खोका ठेवला असेल तर त्याचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. भरपाई किती मिळेल हे सांगता येत नाही, म्हणून ती कुठल्याच हिशेबात धरू नका.