एक्सएमएल फाइल उघडताच एडिटर गोठतो

प्रश्न : एक्लिप्स या प्रोग्रॅमिंगच्या साधनात जुन्या प्रकल्पातील एक्सएमएल फाइल उघडली की एडिटर मिनिटभर गोठतो आणि इंटरनेट बंद असले तर शेजारी चुकांच्या खुणा उमटतात. फाइल तर बिनचूक आहे. काय करावे?

उत्तर : फाइलच्या पहिल्या दोन-चार ओळी पाहा. तिथे ‘डॉकटाइप’ ही घोषणा असून त्यात ‘एचटीटीपी’ने सुरू होणारा डीटीडीचा (फाइलची रचना कशी असावी, याचे नियम सांगणाऱ्या फाइलचा) पत्ता असेल, तर पडताळणीसाठी ती डीटीडी दर खेपेस त्या पत्त्यावरून मागवली जात असण्याची दाट शक्यता आहे. अशा मागण्यांचा भार किती असतो, हे वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने आपल्या सर्व्हरबाबत २००८ मध्ये सांगितले होते : दिवसाला १३ कोटींपर्यंत! म्हणून तिचा सर्व्हर मुद्दाम सावकाश उत्तर देऊ लागला.

तातडीचे काम असेल, तर फाइलवर उजवी क्लिक करून ‘ओपन विथ’मधून ‘टेक्स्ट एडिटर’ निवडावा. रंग आणि सूचना मिळणार नाहीत, पण काम थांबणार नाही. कायमचा उपाय मात्र ‘प्रेफरन्सेस’मधील ‘एक्सएमएल कॅटलॉग’ (कोणत्या पत्त्याऐवजी कोणती फाइल वापरायची, याची यादी) हाच. डीटीडी एकदाच उतरवून प्रकल्पाच्या फोल्डरात ठेवावी, कॅटलॉगमध्ये नवी नोंद करून तिचे स्थान द्यावे आणि ‘की’ म्हणून डॉकटाइपमधील पत्ता अक्षरशः तसाच उतरवावा. एखादा तिरका दंड राहिला, तरी नोंद जुळत नाही. डीटीडीने आणखी फाइली जोडून घेतल्या असतील, तर त्याही शेजारीच ठेवाव्यात. पडताळणीच बंद करण्याचा पर्याय उपलब्ध असला, तरी खऱ्या चुकाही त्याबरोबर झाकल्या जातात, म्हणून तो मी सुचवणार नाही.