जपानी डायनोसॉर-प्रतिकृतींचा संग्रह

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त ओसाकाला राहते. तिने आणलेली काइयोदो कंपनीची बोटभर लांबीची डायनोसॉरची प्रतिकृती पाहून मलाही असा संग्रह करावासा वाटू लागला आहे. जुन्या, दुर्मीळ प्रतिकृती कुठे शोधाव्यात, पारखाव्यात कशा आणि कोकणातल्या दमट हवेत त्या टिकतील का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या संग्रहाची सुरुवात योग्य ठिकाणाहून झाली आहे. काइयोदो ही संस्था 1964 मध्ये ओसाका परिसरातच प्रतिकृतींचे एक लहानसे दुकान म्हणून सुरू झाली. तिच्या डायनोसॉरांना संग्राहकांत विशेष मान मिळाला तो 2001 मध्ये आलेल्या ‘चोकोराझाउरुस’ या मालिकेमुळे. मिठाईच्या एका कंपनीच्या चॉकलेटच्या खोक्यातून या प्रतिकृती मिळत आणि खोके उघडेपर्यंत आत कोणता प्राणी आहे हे कळत नसे. त्या घडवणारे शिल्पकार शिनोबू मात्सुमुरा यांनी एवढ्याशा आकारातही स्नायूंचा ताण, कातडीच्या सुरकुत्या आणि चालताना शरीराचा तोल जसा पकडला आहे, तसा मोठ्या, महागड्या खेळण्यांतही क्वचितच आढळतो.

माझा आग्रह असा, की केवळ दुर्मीळ आहे म्हणून काहीही घेऊ नये. एक शिल्पकार किंवा एक मालिका निवडावी आणि तिचाच पाठपुरावा करावा. मात्सुमुरांप्रमाणेच काझुनारी अराकी यांचे कामही अभ्यासण्याजोगे असून, फेव्हरिट या कंपनीसाठी त्यांनी घडवलेले डायनोसॉर आकाराने मोठे असल्यामुळे बारकावे डोळ्यांना सहज दिसतात. शिवाय प्रत्येक प्रतिकृतीत त्या वर्षापर्यंतचे विज्ञान साठवलेले असते. पिसांच्या खुणा असलेल्या सिनोसॉरोप्टेरिक्सचे चीनमधील जीवाश्म 1996 मध्ये जगापुढे आले आणि त्यानंतर लहान मांसाहारी डायनोसॉरांच्या अंगावर हळूहळू पिसे दिसू लागली. स्पायनोसॉरसची वल्ह्यासारखी रुंद शेपटी तर 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यामुळे जुन्या स्पायनोसॉरसची शेपटी निमुळती दिसली, तर तो दोष समजू नये. ती तेव्हाची समजूत होती आणि म्हणूनच ती प्रतिकृती जपण्यासारखी आहे.

शोधासाठी टोकियोतील नाकानो ब्रॉडवे या इमारतीतली ‘मांदाराके’ची जुन्या वस्तूंची दुकाने उत्तम. मुलगी जपानमध्येच असल्यामुळे जपानी लिलाव-संकेतस्थळांवरील वस्तूही तिच्या पत्त्यावर मागवता येतील आणि मध्यस्थाचे शुल्क वाचेल. रेझिन या कठीण प्लास्टिकच्या ‘गॅरेज किट’मध्ये, म्हणजे स्वतः जोडून रंगवायच्या संचांमध्ये, रस निर्माण झाला, तर काइयोदो 1992 पासून भरवत असलेला ‘वंडर फेस्टिव्हल’ हा प्रतिकृतींचा मेळा पाहावा. तिथे हौशी शिल्पकार स्वतः घडवलेले, मोजक्याच प्रती काढलेले किट विकतात. मात्र या मूळ किटवरूनच साचा घेऊन केलेल्या नकलाही बाजारात फिरतात. पुसट झालेली खवल्यांची नक्षी आणि संशय यावा इतकी कमी किंमत ही त्यांची ओळख.

पारख करताना आधी सुटे भाग मोजावेत. या लहान प्रतिकृती अनेकदा तुकड्यांत येतात आणि शेपटी किंवा पाय हरवलेले नग सर्रास विकले जातात. एकाच प्राण्याच्या दोन रंगांतल्या आवृत्त्याही असतात, म्हणून सोबतचे माहितीपत्रक मिळाल्यास अवश्य घ्यावे. न उघडलेल्या खोक्याला जास्त किंमत पडते. मला मात्र उघडलेला, पूर्ण आणि स्वच्छ नग अधिक पसंत आहे. बंद खोक्यातला प्राणी आपल्याला दिसत नाही आणि वर्षानुवर्षे हवा न लागलेले पीव्हीसी (या प्रतिकृतींचे प्लास्टिक) कधी कधी चिकट झालेले निघते.

हा चिकटपणाच कोकणातला खरा शत्रू आहे. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले द्रव्य उष्णतेने पृष्ठभागावर येते. म्हणून प्रतिकृती हवाबंद पिशवीत कोंबू नयेत, एकमेकींना चिकटवून ठेवू नयेत आणि उन्हापासून दूर, थोडी हवा खेळणाऱ्या काचेच्या कपाटात मांडाव्यात. चिकटपणा आलाच, तर सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने मऊ ब्रशने धुऊन सावलीत पूर्ण वाळवाव्यात. माहितीपत्रके मात्र वेगळी, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवावीत, कारण पावसाळ्यात कागदाला बुरशी लवकर धरते. दोन पायांवर उभा असलेला टायरॅनोसॉरस काही महिन्यांनी पुढे झुकू लागला, तर त्याचे पाय क्षणभर गरम पाण्यात बुडवावेत, हाताने सरळ करावेत आणि लगेच थंड पाण्यात धरावेत.